उजव्या रकान्यातील अर्थ : इंग्रजी वाक्प्रचार आणि अर्थनिर्णयाचा प्रश्न

इंग्रजी वाक्प्रचारांची आणि म्हणींची जी पुस्तके विद्यार्थ्यांच्या हाती पडतात, त्यांची मांडणी बहुधा एकाच प्रकारची असते. डाव्या रकान्यात वाक्प्रचार आणि उजव्या रकान्यात त्याचा अर्थ. 'किक द बकेट' म्हणजे मरणे, 'स्पिल द बीन्स' म्हणजे गुपित फोडणे, 'अ ड्रॉप इन द बकेट' म्हणजे अत्यल्प अंश. स्पर्धापरीक्षांच्या मार्गदर्शकांपासून मान्यवर कोशांपर्यंत हीच पद्धत रूढ आहे. ती सोयीची आहे यात शंका नाही. परंतु या सोयीमागे एक गृहीतक दडलेले असते. वाक्प्रचार हा एखाद्या साध्या शब्दाने घेतलेला वेष आहे आणि वेष उतरवला की आत तो साधा शब्द जसाच्या तसा सापडतो, असे ते गृहीतक. साहित्याच्या अभ्यासकाने ते तपासून न पाहता स्वीकारले, तर इंग्रजी गद्याचा फार मोठा भाग निव्वळ अलंकरण ठरतो आणि भाषांतर म्हणजे उजवा रकाना उतरवून काढण्याचे काम होऊन बसते.

'किक द बकेट' याच उदाहरणापासून आरंभ करणे योग्य होईल, कारण भाषावैज्ञानिकांनीही ते वापरून वापरून गुळगुळीत केले आहे. फ्रान्सिस ग्रोसने 1785 मध्ये प्रसिद्ध केलेल्या असभ्य बोलीच्या कोशात हा प्रयोग 'मरणे' याच अर्थाने नोंदलेला आहे. म्हणजे अर्थाबाबत दोन शतकांहून अधिक काळ मतभेद नाही. तरीही या वाक्प्रचाराच्या जागी 'मरणे' हे क्रियापद ठेवता येत नाही. एखादा रुग्ण तीन आठवडे मरणपंथाला लागला होता, हे सांगण्यासाठी इंग्रजीत 'डाय' या क्रियापदाचे अपूर्ण रूप सहज चालते. 'किक द बकेट' तेथे चालत नाही, कारण त्यात मरण ही एका क्षणात उरकणारी घटना आहे. शोकसंदेशात हा प्रयोग येऊ शकत नाही, आणि मृताच्या मुलाने तो केला तर ऐकणाऱ्याला बापलेकांच्या संबंधाविषयी काहीतरी कळते. मराठी वाचकाला हे वेगळे समजावून देण्याची गरज नाही. 'गचकणे', 'वारणे', 'खपणे', 'देवाज्ञा होणे' या सर्वांसमोर कोशात 'मरणे' असेच लिहावे लागते, परंतु कोणी कोणाविषयी यांतील कोणता प्रयोग केला यावरच कथेतल्या एखाद्या संवादाचे सारे वजन अवलंबून असते.

भाषाविज्ञानाने हा प्रश्न आरंभी अडचण म्हणून पाहिला. घटकांच्या अर्थांवरून समग्राचा अर्थ सिद्ध होतो, या तत्त्वावर चॉम्स्कीप्रणीत निर्मितिक्षम व्याकरणाची भिस्त होती. वाक्प्रचार हे त्या तत्त्वाला उघड उघड न जुमानणारे प्रकरण. वॉलेस चेफ यांनी 1968 मध्ये वाक्प्रचार हा या विचारव्यूहातील विसंगतीचा मुद्दा असल्याचे दाखवले, आणि पुढच्याच वर्षी युरिएल वाइनराइख यांचा वाक्प्रचारांच्या विश्लेषणातील प्रश्नांवरचा निबंध आला. तेव्हा जो तोडगा सर्वसाधारणपणे पत्करला गेला तो असा की, वाक्प्रचार हा एक लांबलचक शब्द समजून कोशात टाकावा. हा तोडगा म्हणजे तात्त्विक भाषेतला उजवा रकानाच होय. 1994 मध्ये नन्बर्ग, सॅग आणि वॅसॉ यांनी त्यातील उणीव नेमकी दाखवली. 'स्पिल द बीन्स' या प्रयोगात सांडणे म्हणजे उघड करणे आणि बीन्स म्हणजे गुपिते, अशी अर्थाची वाटणी होऊ शकते. म्हणून त्याचे कर्मणी रूप होते आणि मधल्या नामाला विशेषणही लागते. 'किक द बकेट'मध्ये अशी वाटणी संभवत नाही. तेथे बादली कशाचेच नाव नाही. सारांश, 'वाक्प्रचार' या एका नावाखाली भाषेतल्या दोन भिन्न वस्तू एकत्र बांधल्या गेल्या होत्या. चार्ल्स फिलमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 मध्ये 'लेट अलोन' या किरकोळ भासणाऱ्या प्रयोगावर जे लिहिले त्याने प्रश्नाची दिशाच फिरली. व्याकरणाचा गाभा नियमबद्ध आणि वाक्प्रचार त्याच्या कडेला साचलेला गाळ, ही कल्पना मागे पडली. गाभ्यातही वाक्प्रचारासारखेच बरेच काही आहे असे दिसू लागले.

हा सारा विचार मराठी अभ्यासकाला सर्वस्वी परका वाटण्याचे कारण नाही. लक्षणेच्या विवेचनात मम्मटाने मुख्यार्थाचा बाध, मुख्यार्थाशी संबंध आणि रूढी किंवा प्रयोजन या तीन अटी सांगितल्या, आणि रूढीचे उदाहरण म्हणून 'कुशल' हा शब्द घेतला. कुश नावाचे गवत नीट उपटून आणणारा तो कुशल. त्यावरून कोणत्याही कामात निपुण असणारा. साहित्यदर्पणकार विश्वनाथाने या उदाहरणावर जो आक्षेप घेतला तो इंग्रजी वाक्प्रचारांच्या चर्चेत सोन्याच्या मोलाचा आहे. शब्दाची व्युत्पत्ती ज्यामुळे लागते ते निमित्त वेगळे आणि शब्दाचा प्रयोग ज्यामुळे होतो ते निमित्त वेगळे, असे त्याचे म्हणणे. व्युत्पत्तीलाच मुख्यार्थ मानले, तर 'गाय निजली आहे' या वाक्यातही लक्षणा मानावी लागेल, कारण 'गो' हा शब्द गमनार्थक धातूपासून आलेला आहे आणि निजलेली गाय काही चालत नसते.

हा भेद न पाळल्यामुळे इंग्रजी वाक्प्रचारांभोवती मूळ सांगणाऱ्या कथांचे केवढे रान माजले आहे! ब्रूअरचा वाक्प्रचार आणि दंतकथांचा कोश 1870 मध्ये निघाला आणि तेव्हापासून हा प्रकार लोकप्रियच आहे. मुसळधार पावसासाठी इंग्रजीत कुत्री-मांजरे कोसळतात. त्याचे कारण असे सांगितले जाते की, पूर्वी ही जनावरे गवताने शाकारलेल्या छपरात राहत आणि पावसात घसरून खाली पडत. 1999 च्या सुमारास ई-मेलवरून फिरलेल्या एका निनावी मजकुराने ही कथा जगभर पोहोचवली. तिला कसलाही आधार नाही. मात्र जोनाथन स्विफ्टने 1738 मध्ये प्रतिष्ठितांच्या पोकळ संभाषणाची टर उडवण्यासाठी जो संवादग्रंथ प्रसिद्ध केला त्यात हा प्रयोग आहे, ही गोष्ट अधिक बोलकी आहे. म्हणजे तेव्हाच तो इतका झिजलेला होता की उपहासासाठी वापरता यावा. वाक्प्रचार कोठून आला यापेक्षा तो कोणाच्या तोंडी शोभत होता आणि कोणी त्याला हसत होते, ही माहिती समीक्षकाच्या अधिक उपयोगाची.

तथापि विश्वनाथाचा भेद येथे थेट लावून प्रश्न संपत नाही. 'रूल ऑफ थंब' हा प्रयोग पाहावा. आपल्याकडे ज्याला ठोकताळा म्हणतात तो याचा अर्थ, आणि सतराव्या शतकापासून तो छापील इंग्रजीत आढळतो. पुढे अशी समजूत पसरली की, अंगठ्याहून जाड नसलेल्या काठीने पत्नीला मारण्याची मुभा इंग्लंडचा कायदा देत होता आणि हा शब्दप्रयोग त्यातूनच आला. न्यायाधीश बुलर यांनी असे मत दिल्याची वदंता 1782 मध्ये उठली होती आणि गिलरेने त्यांचे व्यंगचित्रही काढले होते. परंतु असा कायदा होता याला पुरावा नाही आणि वाक्प्रचाराशी त्याचा संबंध तर नाहीच. हेन्री अँस्गर केली यांनी 1994 मध्ये या सर्व प्रकरणाची छाननी केली. पण त्याआधी 1982 मध्ये अमेरिकेच्या नागरी हक्क आयोगाने विवाहितांवरील मारहाणीविषयीच्या आपल्या अहवालाच्या शीर्षकातच हा वाक्प्रचार घातला होता. आता अनेक सुबुद्ध इंग्रजीभाषक तो टाळतात. 'कॉल अ स्पेड अ स्पेड' याचीही गत तीच. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत 'स्पेड' हा शब्द कृष्णवर्णीयांसाठी हिणवण्याच्या अर्थाने वापरला जाऊ लागला. वाक्प्रचार त्याहून कित्येक शतकांनी जुना, त्याचा वर्णभेदाशी काडीचा संबंध नाही, तरीही तो आता निर्धास्तपणे उच्चारता येत नाही. खोटी व्युत्पत्ती काय किंवा योगायोगाने जुळलेले ध्वनिसाम्य काय, लोकांनी मानले की ते प्रयोगाच्या निमित्तातच शिरते. भाषेच्या इतिहासकाराने ही चूक दुरुस्त करावी. परंतु 1990 नंतरच्या एखाद्या कादंबरीतले पात्र हा शब्द उच्चारताना अडखळते तेव्हा ते का अडखळते, हे त्या दुरुस्तीतून कळणार नाही.

मम्मटाच्या विभागणीलाही येथे एक धक्का बसतो. रूढीमूलक लक्षणेत व्यंग्य नसते असे तो मानतो. इंग्रजी वाक्प्रचार पूर्णतः रूढ आहेत, बोलणाऱ्याला मूळ चित्राचा गंधही नसतो, आणि तरीही 'किक द बकेट' व 'पास अवे' यांतील अंतर व्यंग्याचेच आहे. रूढ झाल्याने व्यंजना मरत नाही. ती चित्रातून निघून वापरणाऱ्यांच्या सामाजिक स्थानात जाऊन राहते.

इंग्रजी वाक्प्रचार हे इंग्रजी जनमानसाचे अस्सल देशी धन आहे, अशी एक समजूत इंग्लंडमध्ये आणि आपल्याकडेही आहे. प्रत्यक्षात त्यांतील पुष्कळसे भाषांतराची अपत्ये आहेत. 'स्किन ऑफ माय टीथ' हा प्रयोग 1560 च्या जिनिव्हा बायबलमध्ये ईयोबाच्या तोंडी येतो. दातांना कातडी नसते. हिब्रू शब्दांचा नेमका आशय काय याविषयी विद्वानांत आजही एकमत नाही. भाषांतरकारांनी शब्दाला शब्द ठेवून दिला आणि इंग्रजीने त्या दुर्बोधतेलाच 'थोडक्यात निभावणे' असा अर्थ देऊन टाकला. खोऱ्याला खोरे म्हणण्याच्या ज्या प्रयोगाचा उल्लेख वर आला, त्यातले खोरे ही तर इरॅस्मसची देणगी. ग्रीकमध्ये तेथे काठवट किंवा कुंड होते. इरॅस्मसने लॅटिनमध्ये अवजाराचा शब्द घातला, आणि 1542 मध्ये निकोलस उडॉलने त्याचे इंग्रजी केले. पँडोराची पेटीही त्यानेच बनवली. हेसिअडच्या काव्यात तो मोठा रांजण आहे. भाषांतरातल्या या चुका म्हणाव्यात तर त्यांच्यावाचून आज इंग्रजीचे चालत नाही.

यांतील सर्वांत विचार करण्याजोगे उदाहरण म्हणजे 'द पॉवर्स दॅट बी'. टिंडलने 1526 मध्ये नव्या करारातील रोमकरांस पत्राचे भाषांतर करताना हा शब्दबंध योजला. तेथील संदर्भ आज्ञापालनाचा आहे: विद्यमान सत्ता ईश्वराने नेमलेल्या आहेत, म्हणून प्रत्येकाने त्यांच्या अधीन असावे. आज हा प्रयोग कचेरीतला कारकून वरिष्ठांविषयी करतो, प्राध्यापक विद्यापीठाच्या प्रशासनाविषयी करतो, आणि स्वरात किंचित तिरकसपणा असल्याशिवाय तो सहसा होत नाही. 'सत्ताधारी' हा उजव्या रकान्यातला अर्थ 1526 मध्येही खरा होता आणि आजही खरा आहे. मधल्या काळात बदलले ते एवढेच की, शरणागतीचे वाक्य कुरकुरीचे झाले. एका संस्कृतीने सत्तेकडे पाहण्याची आपली रीत बदलली त्याचा इतिहास या शब्दबंधात आहे आणि कोश त्याविषयी मौन पाळतो. ज्या टिंडलने तो घडवला त्याला 1536 मध्ये त्या काळच्या सत्तांनीच देहदंड दिला, हेही येथे आठवते.

साहित्यकृतीच्या वाचनात ही गोष्ट केवळ कुतूहलाची राहत नाही. शेक्सपियरच्या नाटकांतून इंग्रजीत पसरलेले अनेक प्रयोग आज मूळ जागी परत नेले तर अर्थाचा अनर्थ होतो. 'ऑनर्ड इन द ब्रीच' या शब्दबंधाचा आजचा अर्थ, जो नियम पाळण्यापेक्षा मोडलाच अधिक जातो तो. 'हॅम्लेट'च्या पहिल्या अंकाच्या चौथ्या प्रवेशात राजपुत्र तो वापरतो तेव्हा राजाच्या मद्यपानाच्या प्रथेविषयी बोलत असतो. त्याचे म्हणणे असे की, ही प्रथा पाळण्यापेक्षा मोडण्यातच अधिक मान आहे. कोशातला अर्थ घेऊन वाचणारा विद्यार्थी डेन्मार्कमध्ये ही प्रथा क्वचितच पाळली जात होती असे समजेल, आणि रंगमंचावर त्याच क्षणी तुताऱ्या आणि तोफांच्या गजरात राजाचे प्याले रिते होत असतात! येथे विसंगती निदान लक्षात तरी येते. 'ऑथेल्लो'मधील 'फोरगॉन कन्क्लूजन' अधिक फसवे आहे. आज त्याचा अर्थ आधीच ठरून गेलेला निकाल. नाटकात मात्र आधी घडून गेलेली कृती असा आशय आहे. इयागोने रचलेल्या कॅसिओच्या स्वप्नावरून ऑथेल्लो आपल्या पत्नीच्या व्यभिचाराचा तर्क करतो आहे. आजचा अर्थही त्या जागी ढोबळपणे बसतो, म्हणून वाचक थांबत नाही आणि एका नवऱ्याने स्वप्नाला घटनेचा पुरावा मानण्याचा तो भयंकर क्षण हातून निसटतो. मॅकडफला बायकोमुलांच्या हत्येची वार्ता कळते तेव्हा त्याच्या तोंडी आलेला 'वन फेल स्वूप' हा उद्गार आज घाऊक खरेदीसाठीही वापरला जातो. त्यातल्या 'फेल' या शब्दाचा अर्थ क्रूर असा आहे आणि 'स्वूप' ही घारीची झडप आहे, हे आता कोणाला सांगितल्याशिवाय समजत नाही.

म्हणींचा प्रश्न वाक्प्रचारांहून थोडा वेगळा आहे, कारण म्हण हे पूर्ण विधान असते आणि विधानाला खरेखोटेपणाची कसोटी लागते असे वाटू लागते. घाई करू नये असे सांगणारी म्हण आणि कचरेल तो बुडेल असे सांगणारी म्हण इंग्रजीत सुखाने शेजारी नांदतात. यावर केनेथ बर्कने 1941 च्या आपल्या ग्रंथात समाविष्ट केलेल्या निबंधात जो विचार मांडला तो आजही पुरेसा पचलेला दिसत नाही. त्याच्या मते म्हण ही वारंवार उद्भवणाऱ्या परिस्थितीला दिलेले नाव आहे आणि त्या परिस्थितीशी झुंजण्याचा पवित्राही आहे. सांत्वन, सूड, ताकीद, भाकीत यांसाठी म्हणी असतात. पवित्रे वेगळे असले की त्यांच्यात विसंगती मानण्याचे कारण उरत नाही. बर्कने याच्या बळावर संपूर्ण साहित्याला ताणून मोठी केलेली म्हण ठरवण्याचा घाट घातला. तो फारच सरसकट आहे. पण म्हणीपुरते त्याचे म्हणणे अकाट्य वाटते.

बार्बरा किर्शेनब्लाट-गिंबलेट यांनी 1973 मध्ये याच दिशेने एक पाऊल पुढे टाकले. 'अ रोलिंग स्टोन गॅदर्स नो मॉस' या म्हणीचा अर्थ त्यांनी विद्यार्थ्यांना विचारला, आणि एकच अर्थ आला नाही. कोणाला ती सतत चालत राहणाऱ्या यंत्रासारखी वाटली, ज्याला गंज चढत नाही. कोणाला ती कोठेच स्थिर न होणाऱ्या आणि म्हणून काहीच पदरी न पडणाऱ्या माणसाची वाटली. आणखी कोणाला त्यात संसाराचे, मालमत्तेचे ओझे नसलेला मोकळा पुरुष दिसला. शेवाळ हवेसे की नकोसे, यावर सारे अवलंबून. इरॅस्मसच्या संग्रहात आणि जॉन हेवूडच्या 1546 च्या पुस्तकात ही म्हण आहे ती भटकेपणाला दिलेल्या इशाऱ्याच्या बाजूची. 1950 मध्ये मडी वॉटर्सने या नावाचे गीत ध्वनिमुद्रित केले आणि 1962 मध्ये एका इंग्लिश वाद्यवृंदाने त्यावरून आपले नाव घेतले तेव्हा इशारा मिरवण्याची वस्तू झाला होता. उजव्या रकान्यात यांतील कोणता अर्थ लिहावा? बहुतेक कोश पहिल्या पिढीची बाजू घेतात आणि तिलाच अर्थ म्हणतात.

मराठीत इंग्रजी म्हणींची पुस्तके उजव्या रकान्यात स्पष्टीकरणाऐवजी समानार्थी मराठी म्हण देतात. ही पद्धत वरवर अधिक साहित्यिक आणि म्हणूनच अधिक घातक आहे. वाईट कारागीर आपल्या हत्यारांना दोष देतो, या इंग्रजी म्हणीसमोर 'नाचता येईना अंगण वाकडे' ठेवले जाते. दोन्हींत सबब सांगणाऱ्याची हजेरी घेतलेली आहे हे खरे. पण इंग्रजी म्हण कारखान्यातल्या वस्तादाच्या जागेवरून बोलते. तिला हत्यार आणि हुन्नर यांचे नाते ठाऊक आहे आणि निवाडा देताना ती हसत नाही. मराठी म्हण अंगणाच्या कडेला बसून पाहणाऱ्यांची आहे आणि थट्टा हाच तिचा जीव आहे. 'आउट ऑफ साइट, आउट ऑफ माइंड' याला 'दृष्टिआड सृष्टी' हे प्रतिरूप तर साफ चुकीचे आहे. इंग्रजी म्हण दूर गेलेल्या माणसाच्या विस्मरणाविषयी आहे, तिच्यात तक्रार असते. मराठी म्हण पाठीमागे काय चालले आहे ते न पाहण्यातच शहाणपण मानते. खानावळीचे स्वयंपाकघर पाहू नये म्हणताना ती वापरतात. परदेशी गेलेल्या मुलाचे पत्र येत नाही म्हणून कष्टी झालेल्या आईच्या तोंडी भाषांतरकाराने ती घातली तर त्या आईचे पात्रच बदलून जाईल.

जॉर्ज ऑर्वेलने 1946 च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात मरू घातलेल्या रूपकांवर जो हल्ला चढवला तो या संदर्भात पुन्हा पाहण्यासारखा आहे. रेषेला पायाची बोटे लावून उभे राहण्याचा वाक्प्रचार लोक रेषा ओढून नेण्याचा असल्यासारखा लिहितात. ऐरण आणि हातोडा यांच्या उपमेत ऐरणीचेच हाल होतात असे समजतात, वास्तविक ऐरण हातोड्याला मोडते. यावरून लेखकाने विचार करणे सोडले आहे, असा त्याचा निष्कर्ष. राजकीय गद्यापुरता तो मान्य करावाच लागतो. तयार शब्दबंध लेखकासाठी विचार करून ठेवतात ही गोष्ट खरी आहे. पण चित्र जिवंत नसेल तर अर्थही नाही, हे त्यामागचे गृहीत टिकणारे नाही. 'मेनी अ लिटल मेक्स अ मिकल' या म्हणीचे लोकांनी 'मेनी अ मिकल मेक्स अ मकल' असे केले. मिकल आणि मकल हे एकाच शब्दाचे दोन अवतार. म्हणजे शब्दशः पाहता मोठ्यापासून मोठे होते एवढेच ती सांगते. तरी थेंबे थेंबे तळे साचण्याचा आशय ऐकणाऱ्याला बिनचूक पोहोचतो.

ललित लेखक मात्र ऑर्वेलच्या सल्ल्याची वाट पाहत बसत नाहीत. त्यांनी मेलेल्या वाक्प्रचारांना त्यांच्या मेलेपणासकट कामाला लावले आहे. जॉइसने 'युलिसिस'मधील मध्यरात्रीनंतरचे युमिअस प्रकरण जवळजवळ संपूर्णपणे झिजलेल्या शब्दबंधांनी भरून काढले, आणि क्रिस्टोफर रिक्स यांनी 1984 च्या आपल्या निबंधसंग्रहात अशा घासलेल्या शब्दबंधांची गंभीर पाठराखण केली. पण अधिक सुंदर उदाहरण डिकन्सचे आहे. 1843 मधील 'अ ख्रिसमस कॅरोल'च्या आरंभीच निवेदक मार्लेच्या मरणाची ग्वाही देतो आणि त्यासाठी दाराच्या खिळ्याइतका मृत हा लँगलंडच्या काळापासून चालत आलेला वाक्प्रचार वापरतो. मग स्वतःच थबकतो. दाराच्या खिळ्यात विशेष मेलेले असे काय आहे ते आपल्याला ठाऊक नाही, आपण तर शवपेटीचा खिळा पसंत केला असता. पण पूर्वजांचे शहाणपण या उपमेत आहे, तिला हात लावण्याचे पातक आपण करणार नाही, अशी त्याची बतावणी. भुताच्या गोष्टीला मार्लेचे मरण निःसंशय असणे आवश्यक आहे. नेमक्या तेथेच निवेदक वाक्प्रचार उसवतो. खात्रीसाठी आणलेला शब्द संशयाचा होतो आणि त्या फटीतून पुढे भूत आत येते. मराठी भाषांतरात 'ठार मेला होता' असे लिहिले तर अर्थ येतो आणि परिच्छेद जातो. 'ठार' या शब्दालाच निवेदकाने प्रश्न विचारावा, ठार म्हणजे काय हे कोणाला ठाऊक आहे, असा एक मार्ग संभवतो. त्यात शवपेटीचा खिळा गमवावा लागेल. तरीही तो मार्ग खिळ्याखाली तळटीप देण्यापेक्षा डिकन्सच्या जवळ जाणारा आहे.

मराठीने इंग्रजी वाक्प्रचार केवळ समजून घेतले नाहीत, ते शब्दशः घरात आणले. 'प्रकाश टाकणे', 'भूमिका बजावणे', 'हिमनगाचे टोक', 'नक्राश्रू', 'लाल फीत' यांवाचून आज वृत्तपत्राचे तर नाहीच, समीक्षेच्या नियतकालिकाचेही पान भरणार नाही. या उसनवारीवर शुद्धतावाद्यांचा जो रोष आहे तो इंग्रजीचाच इतिहास पाहता निष्कारण वाटतो. खरा प्रश्न उसने आणलेल्या प्रयोगाला येथे शेजार कोणाचा मिळाला, हा आहे. 'लायन्स शेअर' हे त्याचे नामी उदाहरण. इसापाच्या कथेत सिंह इतर प्राण्यांबरोबर शिकार करतो आणि वाटणीच्या वेळी एकेक कारण सांगून सगळेच वाटे स्वतःकडे ठेवतो. इंग्रजीत 'सगळे' याचे 'बहुतेक' झाले, आणि घेण्याबरोबर करण्याच्या संदर्भातही हा प्रयोग होऊ लागला. तरी बळकावण्याचा वास त्याला पुष्कळदा येतोच. मराठीत आलेला 'सिंहाचा वाटा' मात्र बहुधा गौरवाचा आहे. चळवळीत, संस्थेच्या उभारणीत, संशोधनात कोणाचा तरी सिंहाचा वाटा असतो आणि तो सत्कारसमारंभात सांगितला जातो. याचे कारण शेजारात असावे असे दिसते. सेतुबंधनाच्या कथेतली खार मराठीत आधीपासूनच आपला वाटा घेऊन बसलेली होती, आणि तिचा वाटा घेण्याचा नव्हे, देण्याचा होता. तिच्या शेजारी उभे राहिल्यावर सिंहालाही देता होणे भाग पडले.

इंग्रजी-मराठी कोशात 'लायन्स शेअर'समोर 'सर्वांत मोठा भाग' असे लिहिलेले असते आणि ते दोन्ही भाषांपुरते बरोबर आहे. परंतु जमीनदारांनी पिकाचा बहुतांश गिळंकृत केला अशा आशयाच्या इंग्रजी वाक्याचे भाषांतर करताना कोणी 'जमीनदारांनी सिंहाचा वाटा उचलला' असे लिहिले, तर 'उचलणे' या क्रियापदात भार वाहणे आणि लांबवणे असे दोन्ही अर्थ असूनही मराठी वाचकाला पहिलाच अर्थ आधी ऐकू येईल, आणि कुळांना नागवणारे जमीनदार त्या वाक्यात त्यांचे उपकारकर्ते होऊन बसतील.